पोट उतरेल तेव्हा उतरेल, पाठीला कशाला थांबवून ठेवताय?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या ४८ वर्षांच्या एक ताई आहेत. बँकेत नोकरी, शाखा पेठेत, रोज स्कूटरने येणं-जाणं. उंची ५ फूट २ इंच, वजन ६९ किलो, त्यातलं बरंचसं पोटावर. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना खालचा डबा उचलायला वाकल्या आणि कंबर धरली, कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत गेली. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी बाहेर आलीये असं निघालं. तीन आठवडे झोपून काढले, पायातली कळ गेली, पाठ मात्र अधूनमधून दुखतेच. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वजन कमी करा आणि वाकू नका. वर्षभर पाळी अनियमित आहे, रात्री झोप मोडते. फेब्रुवारीत रील्स बघून त्यांनी पहाटे साडेपाचला उठल्या उठल्या क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे पोटाचे व्यायाम), प्लँक आणि २५ सूर्यनमस्कार सुरू केले, पाचव्या दिवशी पाठीत उसण भरली. आता पोटाला घाम काढणारा पट्टा बांधतात, सकाळी लिंबू-मध-पाणी घेतात, रात्री जेवत नाहीत, तरी दोन महिन्यांत काटा जेमतेम एक किलोने हललाय. मुलगी ढोलपथकात आहे, आधी काही वर्षं या स्वतःही वाजवायच्या. त्यांचा प्रश्न: "पोट गेलं की पाठ आपोआप सुटेल ना? गणपतीपर्यंत निदान ढोल बांधता येईल इतकं पोट उतरवायचा सगळ्यात फास्ट मार्ग सांगा. की या वयात आता हे होणारच नाही?"

ताई, होईल. पण तुम्ही जो क्रम लावलाय ना, आधी पोट मग पाठ मग ढोल, तो मला पटलेला नाही. फिजिओथेरपीच्या टेबलाशेजारी उभं राहून मी रोज जे बघते त्यावरून सांगते, पोट उतरायची वाट बघत पाठीला बसवून ठेवणाऱ्यांची पाठही सुधारत नाही आणि पोट तर अजिबातच उतरत नाही, कारण पाठ दुखते म्हणून हालचाल बंद, हालचाल बंद म्हणून पोट सुटतं, आणि पोट सुटलं की परत कुणीतरी म्हणतं बघा म्हणूनच तुमची पाठ दुखते.

आधी फेब्रुवारीचं बघू. तुम्ही लिहिलंय "मला व्यायाम झेपतच नाही, करून बघितला." काय करून बघितलंत ते जरा परत वाचा बरं. दिवाळीपासून तीन महिने तुम्ही जवळजवळ वाकलाच नाहीत, आणि मग एकदम २५ सूर्यनमस्कार. एका नमस्कारात दोनदा पूर्ण पुढे वाकणं येतं, म्हणजे पन्नास वेळा, वर क्रंचेस, आणि हे सगळं अंथरुणातून उठल्या उठल्या. रात्री आपण आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून घेतात, सकाळी त्या रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टम्म असतात, सकाळी माणूस उंचीला सेंटिमीटरभर जास्त भरतो तो त्यामुळेच. अशा वेळी पूर्ण पुढे वाकलं की गादीवर ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त येतो. १९९८ साली एका अमेरिकन अभ्यासात जुनी पाठदुखी असलेल्या लोकांना मुख्य काय शिकवलं, तर उठल्यावरचे पहिले दोन तास पुढे वाकणं टाळा, आणि तेवढ्यानेसुद्धा बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं. म्हणजे सूर्यनमस्कार वाईट नाहीत, तुमच्या शरीरालाही व्यायामाचं वावडं नाही, वेळ चुकली आणि डोस चुकला एवढंच. तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी सलग तीन तास ढोल वाजवायला लावला असता तर तिचेही खांदे भरून आले असते, आणि तिला कुणी म्हणालं नसतं की तुला ढोल झेपत नाही.

आता ती एमआरआयची फाइल. मला माहितीये, "गादी सरकलीये" हे वाक्य एकदा कानावर पडलं की माणूस आयुष्यभर काचेच्या भांड्यासारखं स्वतःला सांभाळत राहतो. पण २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन त्यात एकत्र बघितले, तर पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी थोडीफार फुगून बाहेर आलेली होती आणि ८० टक्क्यांच्या मणक्यात झीज होती. दुखणं शून्य. तुमच्या शाखेतल्या पन्नाशीच्या दहा जणांना मशीनमध्ये घातलं तर सहा जणांच्या रिपोर्टवर तुमच्याशी मिळतीजुळती ओळ येईल आणि ते बिचारे खुशाल खुर्च्या उचलतायत. तुमच्या पायात कळ गेली होती, तेव्हा नस दुखावली होती हे खरंच, ते मी खोटं म्हणत नाहीये. पण ती कळ गेली, आणि अशी बाहेर आलेली गादी पुष्कळदा काही महिन्यांत आपली आपण आक्रसते. डॉक्टर "वाकू नका" म्हणाले ते त्या आठवड्यांसाठी होतं की जन्मभरासाठी, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? बहुतेक कुणीच विचारत नाही. एकदा सांगितलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं कायमचं होऊन बसतं.

तुम्ही आत्ता खाली पडलेलं पेन कसं उचलता ते बघा. मी न बघता सांगते: एक हात टेबलाला, श्वास रोखलेला, पाठ फळीसारखी ताठ, चेहरा वाकडा आणि तोंडातून "आई गं". ही जी ताठ करून धरलेली पाठ आहे ना, तीच दिवसभर थकून संध्याकाळी ठणकते. पाठीला हळूहळू परत वाकायला शिकवायचंय, ते पुढे सांगते.

पोट गेलं की पाठ सुटेल का? थोडीफार मदत होईल. वजन उतरलं की सांध्यांवरचा भार कमी होतो, हालचाल सोपी होते. पण माझ्याकडे हिंजवडीहून येणारी तिशीतली मुलं बघितलीत तर पोट पाठीला चिकटलेलं आणि पाठ तुमच्यापेक्षा जास्त आखडलेली. आणि ढेरी सांभाळत रोज तळजाईची टेकडी चढणारे, पाठीची एक तक्रार नसलेले काकाही आहेत. त्यामुळे पाठीसाठी म्हणून पोट कमी करायचं हे कारणच मला कच्चं वाटतं. पोट कमी करायचं पक्कं कारण वेगळंय, आणि त्यावरचं गाजलेलं काम पुण्यातच झालंय.

आपल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, जगभर गाजला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, बरोब्बर सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण लोक दिसायला बारीक असलो तरी आतून चरबीदार असतो, आणि ती चरबी पोटात, आतड्यांभोवती, लिव्हरवर जाऊन बसते. शुगर, बीपी, हृदयविकार यांच्याशी ज्या चरबीचा संबंध आहे ती हीच. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर निघालं. म्हणून भारतीयांसाठी मापंही वेगळी ठेवलीयेत, बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त, २५च्या वर स्थूल. तुमचा जवळपास २८ येतो. पण त्याहीपेक्षा मला तुमच्या कंबरेचं माप हवंय, ते तुम्ही लिहिलेलं नाहीये. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि खुब्याचं वरचं हाड याच्या बरोब्बर मध्ये, साधारण बेंबीच्या आसपास, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९० ही मर्यादा. नवऱ्याचंही घ्या जाता जाता. सलवारीचा किंवा पँटचा नंबर हे माप नव्हे, आपण ती पोटाच्या खाली सरकवून घालतो.

आता तुमचे सध्याचे उपाय. घामाचा पट्टा आजच काढून ठेवा, त्याने पाणी जातं आणि दोन ग्लास पाणी प्यायलात की परत येतं. क्रंचेसनी पोटाचा स्नायू मजबूत होतो, पण त्याच्यावरची चरबी तिथल्या तिथे वितळत नाही, चरबी कुठून जायची ते शरीर ठरवतं, आपण जागा निवडून देऊ शकत नाही. रीलमधला तो मुलगा पंचविशीचा असतो आणि त्याचं पोट क्रंचेसने कमी झालेलं नसतं, ते मुळात नव्हतंच. तुमच्यासारख्या पाठीला क्रंचेसची अजिबात गरज नाही. लायपोसक्शनचं कुणी सुचवलंच तर, त्यात कातडीखालची चरबी काढतात, आतली तशीच राहते. लिंबू-मध-पाणी आवडत असेल तर प्या, मोठा चमचाभर मधाच्या ६० कॅलरी धरून.

आणि वयाचं म्हणालात तर वय आहेच की. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि जी चरबी आधी मांड्यांवर, खुब्यांवर बसायची ती पोटावर यायला लागते, शिवाय स्नायू कमी होतात, झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं. तुमचा आहार तोच असून पोट का वाढलं याचं उत्तर बरंचसं यात आहे, त्यात तुमचा आळशीपणा नाहीये, उगाच स्वतःला बोल लावू नका. पण यातून एक गोष्ट निघते की या वयात उपाशी राहून वजन कमी केलं तर जाणाऱ्या किलोत स्नायूही जातात, आणि तुमच्या पाठीला धरून ठेवणारं दुसरं कुणी नाहीये.

तुम्ही दिवसभराचं खाणं लिहिलंत ते फार चांगलं केलंत. चार चहा दोन-दोन चमचे साखरेचे, सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, पाचला बँकेत कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा सामोसा नाहीतर खारी, रात्री जेवण नाही पण मुलगी दहाला जेवते तेव्हा "तिच्याबरोबर घासभर" आणि मग पातेल्यात उरलेलं संपवणं. गुरुवारी उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी. यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे प्रथिनं. आयसीएमआरच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला ५७ ग्रॅम तरी हवीत, आणि तुमच्या या खाण्यात ओढूनताणून तीसच्या आसपास भरतात. प्रथिनं कमी पडली की पोट भरल्यासारखं वाटत नाही, मग दहाचा घासभर होतोच. फार काही विलायती आणायला नको. पोह्यांच्या दिवशी एक अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर मूठभर मोडाचे मूग पोह्यातच घाला. डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या आणि एक वाटी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ. पाचला ताक नाहीतर फुटाणे. आणि रात्री जेवा! साडेसात-आठला, एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं, भरपूर भाजी, वाटीभर दही. मुलगी दहाला जेवेल तेव्हा तिच्यासमोर बसा, गप्पा मारा, ताट घेऊ नका. उरलेलं फ्रीजमध्ये जातं, सकाळी फोडणीची पोळी करता येते, ते तुमच्या पोटात ठेवायची गरज नसते. घरोघरच्या बायकांचं निम्मं पोट हे "वाया जाईल ना" या वाक्याचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट तेल, जी कुणीच पत्रात लिहीत नाही. घरी महिन्याला तेल किती लागतं ते बघा. समजा तिघांत चार लिटर लागलं, तर माणशी रोजचं ४० ग्रॅम झालं. तेच अडीच लिटरवर आणलंत तर २५ ग्रॅम, म्हणजे माणशी रोजच्या १३५ कॅलरी कमी, आणि ताटातला एक पदार्थही बदलावा लागला नाही. महिन्याच्या एक तारखेला अडीच लिटर वेगळं काढून ठेवायचं आणि त्यातच भागवायचं, भाज्यांना फोडणी चमच्याने, बरणीतून थेट नाही. चहाची साखर चार कपांची मिळून आठ चमचे, म्हणजे १६० कॅलरी. निम्मी करा, दोन आठवडे बेचव लागेल, मग जुना चहा पाक वाटायला लागेल. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यावर तूप आणि दाण्याचं कूट. भगर-आमटी करा, राजगिऱ्याची भाकरी, दही, फळ. नाहीतर खिचडी एक वाटी मोजून.

या सगळ्यात दिवसाला साडेतीनशे-चारशे कॅलरी कमी होतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा ढोबळ हिशोबाने आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. गणपतीपर्यंत चार-पाच किलो, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर, आणि घरात लग्नकार्य निघालं तर तीन. यापेक्षा फास्ट मार्ग मला माहीत आहेत पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. कंबरेचं माप दर पंधरा दिवसांनी घ्या, काट्यावर रोज चढू नका, पाळीच्या आसपास अंगात पाणी साठतं आणि काटा उगाच घाबरवतो.

आता पाठ, आणि हे उद्यापासून, पोटाला न विचारता. चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर एक चाचणी झाली, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, नुकतीच पाठदुखीतून उठलेली माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना फिजिओने हळूहळू वाढवत चालायला लावलं, आठवड्यात पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत. चालणाऱ्यांची पाठ परत दुखायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांतच दुखली. फुकटचं औषध आहे. तुमच्या जवळ पु. ल. देशपांडे उद्यान आहे, सपाट आहे, सकाळी गर्दी असते पण चालतं. पहिला आठवडा दहा मिनिटं सकाळ-संध्याकाळ, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. हात मोकळे सोडून चाला, मोबाइल आणि पर्स हातात घेऊन नाही. पर्वती-तळजाई नंतर, चढ पाठीला सहसा त्रास देत नाही पण उतरताना घसरायला होतं आणि माणूस अंग आखडून उतरतो.

चालण्याबरोबर आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं ताकदीचं, उठल्यानंतर तासा-दोन तासांनी नाहीतर संध्याकाळी. चटईवर घोडा करतो तसं हाता-गुडघ्यांवर या, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा, दहा सेकंद, मग दुसरी बाजू, कंबर हलता कामा नये, पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी ज्या तीन व्यायामांवर भर दिलाय त्यातला हा एक. मग सेतुबंधासन, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची, दहा वेळा. कुशीवर कोपरावर उठायचं पण गुडघे टेकलेले ठेवून. खुर्चीतून हात न लावता उठायचं-बसायचं, दहा वेळा. आणि वाकणं शिकायचं, भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहा, गुडघे किंचित सैल, आणि पार्श्वभाग मागे नेऊन भिंतीला टेकवा, म्हणजे आपोआप खुब्यातून वाकाल आणि पाठीचा बाक होणार नाही. हे जमलं की हातात पाण्याची बाटली, मग दोन किलोची पिशवी, मग दोन-तीन महिन्यांनी कणकेची पाच किलोची पिशवी जमिनीवरून उचला. हो, उचला. पाठीला वजन उचलायला लावलं तरच ती वजन उचलायला शिकते.

दुखलं तर? थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जागेवर आलं तर चालू ठेवा. दुखणं पाठीतून खाली मांडीत-पोटरीत उतरायला लागलं तर तो व्यायाम तूर्त थांबवा, आणि उलटं म्हणजे पायातलं दुखणं वर पाठीत सरकलं तर ते बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं, घाबरू नका.

स्कूटरबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत पण मला तिथेच संशय आहे. पेठेत पार्किंग म्हणजे काय ते सांगायला नको, चार गाड्या इकडेतिकडे ओढल्याशिवाय आपली बाहेर निघत नाही, आणि वर वॉचमन म्हणतो मॅडम डबल स्टँडवर लावा. शंभर-एक किलोची गाडी अंग पिळवटून डबल स्टँडवर घेणं हे तुमच्या कंबरेला क्रंचेसपेक्षा वाईट. साइड स्टँडच लावायचा, डबल स्टँड हवाच असेल तर वॉचमनलाच सांगायचं, आणि दुसऱ्याची गाडी ओढायची नाही, कितीही घाई असो. खड्डा आणि स्पीड ब्रेकर दिसला की वेग आधीच कमी करा. कंबरेचा पट्टा लांबच्या प्रवासापुरता ठीक आहे, रोज दिवसभर नको. काउंटरवर अर्ध्या तासाने एकदा उभं राहा, टोकन बदलताना उभ्या उभ्या बदला, कुणी काही म्हणणार नाही.

ढोलाचं आता सरळ सांगते. ढोल कमरेला बांधला की वजन पुढे येतं आणि ते तोलायला आपण कंबर मागे वाकवतो, पोट पुढे काढतो, आणि तसेच तासन्तास उभे राहून वाजवतो. म्हणजे पोट किती आहे यापेक्षा पाठ आणि मांड्या किती वेळ तग धरतायत याचा हा खेळ आहे. पथकात तुम्ही शंभर किलोची माणसंही वाजवताना बघितली असतील. त्यामुळे ठरवायचं ते काट्यावरून नाही. सराव सुरू होईल तोवर न थांबता पाऊण तास चालता येतंय का, आठ-दहा किलो जमिनीवरून उचलून छातीशी धरून दहा मिनिटं उभं राहता येतंय का, आणि दुसऱ्या दिवशी पाठ नेहमीसारखीच आहे का, एवढं बघा. जमत असेल तर सरावाला ढोल बांधा, पण पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं, गाठ पोटावर न बांधता खुब्याच्या हाडावर बसेल अशी, आणि ढोल उचलून बांधायला दुसरं कुणी. जमत नसेल तर यंदा झांज घ्या, मिरवणुकीत तुम्ही असालच. ध्वज मात्र नको, हलका दिसतो पण लांब काठीचं वजन कंबरेलाच पिळतं. मुख्य मिरवणूक पूर्ण करायची असा हट्ट या वर्षी धरू नका, एखादा चौक वाजवा आणि टिपरू मुलीच्या हातात द्या.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, पायातली ताकद कमी झाली, चालताना पाऊल फरफटायला लागलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. पाठदुखीबरोबर ताप, किंवा काहीही प्रयत्न न करता वजन उतरणं, किंवा रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, हेही लगेच दाखवायचं. आणि पोट जर थोड्याच महिन्यांत फुगल्यासारखं वाढलं असेल, दोन घासांत भरल्यासारखं वाटत असेल, तर ती चरबी समजून बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या. वर्षभर पाळी अनियमित आहे म्हणजे तसंही त्यांना भेटायलाच हवं, झोपेचंही तिथेच बोला. रक्तात थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), डी आणि बी१२ ही जीवनसत्त्वं बघून घ्या.

आणि हे व्यायाम पहिले दोन-तीन वेळा एखाद्या फिजिओसमोर करा, माझ्याच धंद्यातली गोष्ट आहे तरी सांगते, एमआरआयची फाइल बरोबर न्या, पण त्यांनी तुम्हाला चालायला, वाकायला, खुर्चीतून उठायला न सांगता नुसती फाइल बघितली आणि वीस मिनिटं मशीन लावून घरी पाठवलं, तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा.